ओढून बघायचं राहिलं

आकुर्डीत खंडोबाच्या माळाच्या अलीकडे भैरूचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. हॉर्न आपोआप वाजायला लागला, दिवे मनाला येईल तेव्हा लागायला लागले, की लोक म्हणतात, भैरूकडं टाका. काम चोख, पण वेळेच्या नावानं बोंब. कारण काम संपलं की भैरू थांबत नाही. तो प्रत्येक वायर पुन्हा एकदा ओढून बघतो.

ही खोड चाकणची. भूमकडून नवानवा आला तेव्हा तो चाकणच्या एका कंपनीत वायरिंगच्या लाइनवर लागला होता. तिथं पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, कनेक्टर ढकलायचा, टिक असा आवाज ऐकायचा, मग ओढून बघायचा. कंपनी सुटली, लग्न झालं, स्वतःचं दुकान झालं, पण ओढून बघणं काही सुटलं नाही. कुलूप लावलं की ओढायचं, सिलिंडरची नळी ओढायची, शेजाऱ्याच्या दोरीवरचा कपड्याचा चिमटासुद्धा जाता जाता ओढायचा. त्याची बायको रुक्मिणी तर सांगते, लग्नात मंगळसूत्र घातल्यावर ह्यांनी तेही ओढून बघितलं होतं. खरं-खोटं ती जाणे.

हसणाऱ्यांनी हसावं, पण भैरूला आतून खरंच भीती वाटायची. आपल्या हातून कधीतरी काहीतरी सैल राहणार आणि ते भलत्याच माणसाला भोवणार, हे त्याच्या डोक्यातून जात नसे. इतक्या वर्षांत तसं एकदाही झालं नव्हतं. दुसऱ्या कुणाला एवढ्यानं धीर आला असता. भैरूचं उलटं, अजून झालं नाही म्हणजे आता होणार.

तर त्या नवरात्रात मारुंजीचे दादासाहेब त्यांची गाडी घेऊन आले. माणूस जुन्या घरचा, शेतं आयटीवाल्यांच्या बिल्डिंगांखाली गेलेली, हातात पैसा आलेला. चारचौघांसारखी मोठी पांढरी गाडी घ्यायची सोडून ह्यांनी घेतली विलायती, दोन माणसांची, उघड्या टपाची हिरवी स्पोर्ट्स कार. गाडीचं वय जवळजवळ दादासाहेबांएवढंच. आधीच्या मालकांनी ज्याला जे सुचलं ते डॅशबोर्डच्या खाली कोंबलेलं, पंख्याचा रिले काय, म्युझिकचा अॅम्प्लिफायर काय, चोरीच्या भीतीनं बसवलेला ट्रॅकर काय. आणि सगळं लोंबकळत. भैरूनं उताणं पडून पॅडलपाशी डोकं घातलं, वर बघितलं आणि त्याला घामच फुटला. वायरींचा गुंता क्लचच्या पॅडलच्या जेमतेम बोटभर वर होता. तो खाली आला की आधी क्लच अडणार, मग ब्रेक.

सगळं नवरात्र त्यानं त्या गाडीखाली घालवलं. कुजलेले जोड कापले, वायरींना कापडी टेप गुंडाळली, जागोजागी क्लिपा मारून त्या बॉडीला धरून नेल्या. सगळी यंत्रं एका पत्र्याच्या डब्यात बसवली आणि डबा डॅशबोर्डखाली मधोमध बोल्टांवर चढवला. खंडेनवमीच्या संध्याकाळी एवढंच राहिलं होतं की नट पान्यानं आवळायचे. तेवढ्यात रुक्मिणी पूजेचं ताट घेऊन दुकानात आली.

भैरूच्या घरची रीत कडक. खंडेनवमीला हत्यारं पूजेला बसली की दसऱ्याला सोनं वाटून होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. रुक्मिणीनं पाने धुऊन पुसून पाटावर मांडलेसुद्धा होते. तिनं विचारलं, झाली का गाडी? भैरू म्हणाला, झाली. नट बोटानं फिरवलेले होते आणि आधाराला पूजेतली नाडाछडी गुंडाळलेली होती. दादासाहेब तर दसरा झाल्यावर येणार होते. परवा सकाळी पाना लावू, असं म्हणून भैरूनं हळदकुंकू वाहिलं. त्या रात्री त्यानं कुलूप ओढून बघितलं, डबा काही ओढून बघितला नाही. ओढला तर सुटणार हे माहीत होतं, मग बघायचं तरी काय?

दसऱ्याच्या सकाळी तो झेंडू आणि आपट्याची पानं घेऊन परत आला तर दुकानात गाडी नाही. फरशीवर चिरडलेलं लिंबू पडलं होतं. रुक्मिणीनं हौसेनं सांगितलं, दादासाहेब आणि त्यांच्या मालकीण शालनबाई येऊन गेले. सणाला गाडी काढायचीच म्हणाले, देहूला लेकीकडं, मोनिकाकडं सोनं द्यायला निघालेत. मी चाकांना हळदकुंकू लावलं, हार घातला आणि चावी दिली. तुम्हीच म्हणालात ना, झाली म्हणून?

भैरूनं झेंडू, पानं तिथंच खाली ठेवली. त्यानं फोन लावला. दोनदा वाजला आणि त्यानं घाईघाईनं तोडून टाकला. सांगणार काय होता तो? दादासाहेब, खाली बघा? आणि ते चालत्या गाडीत खाली बघणार. थांबा म्हणावं, तरी का म्हणून विचारणार आणि विचारता विचारता वाकणारच. माणूस उत्साही, प्रत्येक गोष्टीत डोकं घालून बघणारा. फोन न करणंच बरं, आणि न करून तरी काय बरं? भैरू पाटासमोर येऊन उभा राहिला. दहा नंबरचा पाना झेंडूखाली ठेवलेला होता. हात पुढं झाला आणि तसाच थांबला.

त्यानं रुक्मिणीला खरं काय ते सांगितलं. तिनंच फुलं बाजूला केली आणि पाना उचलून त्याच्या हातात दिला.

"देवीला मी सांगते," ती म्हणाली. "तुम्ही निघा."

स्कूटर निगडीपर्यंत कशी गेली ते भैरूला आजही सांगता येत नाही. प्रत्येक सिग्नलला तो आधी रस्त्याच्या कडेला बघायचा, दुभाजकावर काही चढलंय का, हिरवं काही दिसतंय का. देहूरोडला पुढं माणसांचा घोळका दिसला आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. जवळ गेला तर लोक टेम्पोतून झेंडू घेत होते. खिशातला पाना मांडीला टोचत होता आणि भैरूला वाटत होतं, टोचू दे, बरं होतंय. आपण झाली म्हणालो. एका शब्दापायी दोन माणसं घालवतोय आपण. लाज वाटत होती आणि भीती त्याहून जास्त वाटत होती.

देहूत हार घातलेली हिरवी गाडी शोधावी लागली नाही, सगळ्यांनी बघितली होती. मोनिकाच्या दारात ती धडधाकट उभी होती. दादासाहेब खाली उतरून जावयाला इंजिन दाखवत होते. भैरूला रडूच यायचं बाकी राहिलं. पण शालनबाई अजून गाडीतच होत्या. मोनिका ओवाळायचं ताट घेऊन आईला हाका मारत होती आणि आई काही उतरायला तयार नव्हती. एका अंगाला कललेल्या, उजवा हात डॅशबोर्डखाली घातलेला, चेहऱ्यावर घाम.

भैरू त्यांच्या बाजूला जाऊन खाली बसला. नाडाछडी तुटून लोंबत होती. नट पडून गेले होते. सगळा डबा बाईंच्या तळहातावर होता.

"निगडीच्या म्होरं खाली आला ह्यो," त्या हळूच म्हणाल्या. "तवापासनं धरून बसलीये. ह्यांना सांगितलं न्हाई. सांगितलं असतं तर ह्ये वाकून बघाय लागलं असतं."

भैरूनं मान खाली घातली. "माझंच चुकलं, काकी. नट बोटानंच फिरवले होते. झाली म्हणून खोटं बोललो."

हात भरून आलाय, आधी तेवढा मोकळा कर, बाई म्हणाल्या. भैरूनं एका हातानं डबा पेलला, गाडीतल्या चटईवर पडलेले नट शोधले आणि हळदकुंकवाचा तो पाना लावून आवळले, पुन्हा आवळले. बाईंनी हात बाहेर काढला. अॅम्प्लिफायरच्या उष्णतेनं तळवा लालबुंद झाला होता आणि बोटं सरळ होत नव्हती.

एवढ्यात दादासाहेब आले. काय चाललंय म्हणून विचारलं आणि लगेच कमरेत वाकून डॅशबोर्डखाली डोकं घातलं. भैरूनं शालनबाईंकडं बघितलं, शालनबाईंनी भैरूकडं.

दादासाहेब बाजूला झाल्यावर भैरू म्हणाला, काकी, आता पक्कं बसलंय, उतरा तुम्ही. बाई उतरल्या नाहीत. त्यांनी तोच लाल हात पुन्हा आत घातला, डब्याची कड धरली आणि ओढून बघितली. मग वायरी ओढून बघितल्या, एकेक करून, सावकाश. मोनिका ताटातली ज्योत हातानं झाकत उभी होती. भैरू पाना हातात धरून बाईंचं होईपर्यंत थांबला.