चिमूटभर मागं घे

त्या उन्हाळ्यात माझा नवरा आणि माझा धाकटा भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. कारण वाघ. म्हणजे नवऱ्याच्या मते वाघ, भावाच्या मते वासरू.

दोघं गोंडपिपरीहून मोटरसायकलवर येत होते. नवरा चालवत होता, भाऊ मागे बसलेला. उन्हं कलली होती. रस्त्यात काहीतरी आडवं गेलं आणि नवऱ्यानं असा ब्रेक दाबला, की गाडीसकट दोघंही कडेच्या बेशरमीच्या झुडपांत जाऊन पडले. लागलं फारसं कुणाला नाही. पण घरी आल्यावर नवरा पट्टे, कान, शेपूट असं सगळं सांगू लागला, आणि भाऊ शेजारी बसून शांतपणे म्हणाला, त्याच्या गळ्यात घंटी वाजत होती. तेवढ्यावर मिटलंही असतं. पण पुढे मामेबहिणीच्या बाळाच्या बारशाला भावानं तो सगळा प्रसंग पाहुण्यांसमोर करून दाखवला. स्वतः जावयाचं सोंग घेतलं आणि आमच्या मामाला वासरू केलं. मामानं हंबरून दाखवलं. नवरा पंगतीतून उठला नाही, कारण वडाभात चांगला झाला होता. पण त्या दिवसापासून बोलणं बंद.

अडचण अशी होती की दोघं एकाच तलावावर कामाला. तलावातला गाळ काढायचं काम होतं. नवरा डोझर चालवायचा, भाऊ पोकलेन. नवरा गाळ लोटून ढीग करायचा, भाऊ तो उचलून ट्रॅक्टरमध्ये भरायचा. यात बोलायची गरज पडत नव्हती, म्हणून अबोला सुखात चालला होता. मग एक दिवस तलावाच्या मधोमध डोझरचे गियर अडकले आणि मशीन जागच्या जागी थांबलं.

डोझरच्या दोन्ही बाजूंना, साखळीच्या मागच्या टोकाला, एक मोठं दातांचं चाक असतं. त्याच्या पोटात एक जाड लोखंडी दांडा असतो. त्याला शाफ्ट म्हणतात. इंजिनाचा जोर तो शाफ्ट चाकापर्यंत पोचवतो. तो उपसून काढला की चाक मोकळं होतं आणि बंद मशीन ओढून नेता येतं. हे ज्ञान मला लग्नाला इतकी वर्षं होऊनही नव्हतं, त्या आठवड्यात झालं. चंद्रपूरहून मिस्त्री आला, त्यानं दोन्ही शाफ्ट काढले, भावाच्या पोकलेननं डोझर पाळीजवळ, म्हणजे तलावाच्या बांधाजवळ, ओढून आणला. मिस्त्रीनं गियर दुरुस्त केले. शाफ्ट तेवढे परत बसवायचे राहिले, तेव्हा तो म्हणाला की आता काही अवघड नाही, नुसते आत सरकवायचे, तुम्ही दोघं कराल. आणि आरमोरीला लग्न होतं म्हणून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी नवरा डबा घरीच विसरून गेला. मी अंगणवाडीत काम करते; तिथलं आटोपून डबा घेऊन तलावावर गेले, तर दोघं आपापल्या मशीनपाशी पाठ फिरवून बसलेले. शाफ्ट तसेच पोत्यावर पडले होते. पाळीवर सावलीत एक म्हातारी बाई जाळं विणत बसली होती. तलावात मासेमारी करणाऱ्या घरांपैकी होती. तिनं मला सांगितलं, सकाळपासून हे असंच चाललंय, मले वाटलं दोघं मुके हायेत.

भानगड काय ती मग समजली. शाफ्टच्या टोकांना उभे दाते असतात. ते आतल्या खाचांशी तंतोतंत जुळले, तरच शाफ्ट आत जातो. जुळत नसले तर आख्खं मशीन केसभर पुढे-मागे सरकवायचं. ते सरकवणार पोकलेन, मागून हलकेच रेटून किंवा ओढून. नवरा शाफ्ट धरून चाकापाशी बसणार, म्हणजे भावाला तो दिसणार नाही आणि पोकलेनच्या आवाजात ऐकूही येणार नाही. सांगायला मध्ये कुणीतरी हवं. आणि त्यांचं बोलणं चालू असतं तरीसुद्धा हवंच होतं.

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, "तुया भावाले सांग, मशीन चालू कर म्हणा."

तर मी डबा म्हातारीपाशी ठेवला आणि दोन्ही मशीनच्या मध्ये, जरा बाजूला, दोघांना दिसेन अशी उभी राहिले. पदर डोक्यावर, पायाखाली वाळलेला गाळ.

पहिल्याच निरोपाला मी अडकले. नवरा म्हणाला, सूतभर मागं घे. सूत म्हणजे किती ते मला कुठे ठाऊक. भावानं ओरडून विचारलं, किती? मी म्हटलं, "चिमूटभर." त्याला मिठाच्या चिमटीचा तरी काय अंदाज, आयुष्यात त्यानं चहासुद्धा केला नव्हता. पण त्यानं ओढलं आणि डोझर किंचित कुरकुरला. नवरा आतून म्हणाला, जास्त झालं. मी सांगितलं, अर्धी चिमूट पुढं. पुढे पुढे तेच माप ठरलं. चिमूट, अर्धी चिमूट, दोन बोटं, आणि एकदा म्हातारीनं बसल्या जागेवरून सुचवलेलं, झिंग्याच्या मिशीएवढं. नवरासुद्धा नकळत म्हणून गेला, आता पाव चिमूट दे म्हणा.

एक निरोप मात्र मी दर वेळी स्वतःहून द्यायची. "हात काढला का?" आधी नवऱ्याला विचारायचं, त्यानं हात वर करून दाखवला की मग भावाला खूण. नवऱ्याची बोटं त्या लोखंडात, भावाचा हात पोकलेनच्या दांडीवर, आणि मध्ये माझी जीभ.

बाकीचे निरोप मी गाळून घेत होते, तलावाच्या तोंडाशी जाळी लावतात तसे. नवरा म्हणाला, "सांग त्याले, मशीन रेटून राह्यला का धिंगाणा करून राह्यला?" मी सांगितलं, जरा हळू म्हणतात. भाऊ म्हणाला, त्यांना म्हणा, हे मशीन हाये, बाळाचा पाळणा नाई. मी नवऱ्याला सांगितलं, बरं म्हणतो. म्हातारीला पाळीवरून दोन्हीकडचं ऐकू येत होतं. ती जाळं विणायचं सोडून माझ्याकडेच पाहत होती.

शेवटी डावीकडचा शाफ्ट आत गेला. हातातला साबण न्हाणीत सटकावा तसा एकदम, सुळकन. नवरा मागे बसकण मारून पडला आणि म्हणाला, "बसला." एवढंच.

भाऊ वरून माझ्याकडे पाहत होता. उन्हानं लालबुंद झालेला, शर्ट पाठीला चिकटलेला. मला काय वाटलं कोण जाणे. मी म्हटलं, "भाऊजी म्हणतात, असा हलका हात आख्ख्या जिल्ह्यात कोणाचा नाई."

त्यानं मशीन बंद केलं. दुपट्ट्यानं तोंड पुसलं, मग उगीच पुन्हा पुसलं. मग खाली उतरला, पोत्यावरचा दुसरा शाफ्ट उचलून खांद्यावर घेतला आणि थेट नवऱ्यापाशी जाऊन उभा राहिला. माझ्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता.

"भाऊजी," तो म्हणाला, "तुमी बोल्ले तसं मले आजवर कोणी बोल्लं नाई."

"मी काय बोल्लो?" नवरा म्हणाला.

मग दोघांनी झालेले सगळे निरोप एकेक करून पडताळले. पाळण्याचा निघाला. धिंगाण्याचा निघाला. नवऱ्यानं तर साक्षीला म्हातारीला बोलावलं, आणि तिनं सगळं जसंच्या तसं सांगितलं, दोघांच्या आवाजात. दोघं माझ्याकडे वळले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच एका बाजूला उभे होते.

"बाई, तू एवढं खोटं सांगून राह्यली होती?" भाऊ म्हणाला.

"हिले मधात ठेवाचंच नाई," नवरा त्याला म्हणाला. मला नाही, त्याला.

मी डबा उघडला आणि म्हातारीशेजारी बसून जेवायला लागले. मला राग आला होता आणि हसूही येत होतं.

उजवीकडचा शाफ्ट त्यांनी माझ्याशिवाय बसवला. बोलून. म्हणजे नवरा ओरडायचा, भावाला ऐकू जायचं नाही, तो मशीन बंद करून खाली उतरायचा, काय म्हणाले विचारायचा, वर चढायचा, मशीन चालू करायचा, तोवर किती रेटायचं ते विसरायचा. अधूनमधून वाघही निघत होता. घंटी होती, घंटी नव्हती, जंगलाला लागून रस्ता हाये, ढोरं पण तिथूनच जातात. हात काढला का हे मात्र भाऊ दर वेळी विचारत होता. मी ते कान देऊन ऐकत होते. पहिल्यापेक्षा दुप्पट वेळ लागला असेल, पण मला एकदाही हाक मारली नाही. शेवटी शाफ्ट बसला, दोघांनी मिळून झाकणं लावली, बोल्ट आवळले, तेल भरलं आणि एकाच बाटलीतलं पाणी प्यायले.

नवऱ्यानं डोझर चालू केला. काळा धूर निघाला, साखळी खडखडली आणि मशीन चालायला लागलं. भाऊ बाजूच्या पायरीवर उभा राहून दांडी धरून होता. काम काहीच नव्हतं, तरी दोघं त्या कोरड्या तलावात मोठा फेरा मारून आले. मग आणखी एक मारायला गेले. लांबून दिसत होतं, भाऊ वाकून नवऱ्याच्या कानात काहीतरी सांगतोय आणि नवरा मान हलवतोय.

मी डबा पिशवीत घातला आणि निघाले. म्हातारी पण जाळं गुंडाळून उठली. थोडं अंतर माझ्यासोबत चालली आणि मग म्हणाली, "तुले घाई हाये का?"

मी म्हटलं नाही.

तर तिचं आणि तिच्या सुनेचं बोलणं होळीपासून बंद होतं. कोंबड्यांच्या खुराड्यावरून काहीतरी झालं होतं. तिचा एक निरोप सुनेला द्यायचा होता, साधाच, पण तिनं तो मला रस्ताभर तीन वेळा सांगितला आणि प्रत्येक वेळी थोडा गोड केला. घरापाशी आल्यावर ती स्वतः बांबूच्या ताटीमागे उभी राहिली आणि मला पुढे ढकललं. अंगणात सून तांदूळ पाखडत होती. मी निरोप सांगितला. तिनं सूप खाली ठेवलं, ताटीकडे एकदा पाहिलं आणि मला म्हणाली, "त्याईले म्हणा, मी चहा मांडून राह्यली."

हा निरोप मी जसाच्या तसा दिला.