गुळाचा खडा

संप मिटेल, मिटेल म्हणत आम्ही थांबलो आणि तो मिटलाच नाही. बाबा लालबागच्या गिरणीत कापूस पिंजायच्या खात्यात होते. शेवटी शिवडीच्या एका गोदामात लागले. पिकांवर मारायच्या औषधाची भुकटी पिशव्यांत भरायचं काम. तोंडाला फडकं बांधायचे, पण गिरणीतली सवय सुटली नाही. घशात बसलेली कापसाची धूळ उतरावी म्हणून तिथे सगळेच गूळ खायचे. इथेही बाबांच्या खिशात गुळाचा खडा असायचाच. काम करता करता फडकं खाली ओढायचं, त्याच हाताने तुकडा मोडायचा, तोंडात टाकायचा. "गूळ धूळ खाली नेता," म्हणायचे. "जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही," आई कुरकुरायची.

मला परळच्या एका प्रयोगशाळेत उंदीर सांभाळायचं काम मिळालं. बाबा भरायचे तेच औषध आमच्या उंदरांच्या खाण्यात मिसळत होते. दोन वर्षं खाऊ घालायचं आणि मग गाठी झाल्या का बघायचं, ही तेव्हाची रीत. बाबा जेवताना विचारायचे, "तुझे उंदीर बरे आसत मा?" हसत विचारायचे, पण मी उत्तर देईपर्यंत घास हातातच राहायचा.

उंदरांना काही झालं नाही. घरी सांगितलं तेव्हा बाबांनी, उंदीर पास झाले म्हणून, चाळीत पेढे वाटले.

पुढे त्यांना अन्ननलिकेचा कॅन्सर झाला. "मगे माका कसो झालो?" त्यांनी मला एकदाच विचारलं. भुकटीने झाला की आणखी कशाने, हे डॉक्टरांना सांगता आलं नाही. मलाही अजून येत नाही. बाबा गेले.

आता रीत बदलली आहे. एकट्या उंदरांवर भिस्त नसते. माणसाच्या पेशी काचेच्या बशीत वाढवून त्यांच्यावर औषध तपासतात, आणि आधी विचारतात, हे हाताळणाऱ्याच्या अंगात जाईल कुठून? आमच्या प्रशिक्षणात साहेबांनी हे विचारलं, तेव्हा सगळे म्हणाले, नाकातून, कातडीतून. मी म्हटलं, "गुळातून." कुणाला कळेना, तेव्हा सगळं सांगितलं. साहेबांनी नीट ऐकून घेतलं.

मला बरं वाटायला हवं होतं, पण रागच आला. हाच प्रश्न तेव्हा गोदामात येऊन कुणी विचारला असता, तर बाबांनी काही लपवलं नसतं. खिशातला खडा काढून त्यांनी पहिला तुकडा विचारणाऱ्यालाच दिला असता.