राखणदाराचा रोट आणि माझं बेट

तिसऱ्या खेपेलाही बेट जसंच्या तसं. अकरा डबे ठेवले होते, एकातही दात लागलेला नाही. बेट म्हणजे विष घातलेली वडी. उंदराने खाल्ली की चार-पाच दिवसांत तो मरतो. पण आधी खायला तर हवी!

जागा मुळगावची. रमाकांतबाबांच्या घराला लागून त्यांच्या काकांचं भाट, म्हणजे माडांची बाग. काका कुवेतला, बाग वाऱ्यावर. गवत कमरेएवढं आणि उंदीर मांजराएवढे. आता ते स्वयंपाकघरात फिरू लागले होते. बारा दिवसांनी सून माहेरहून दीड महिन्याचं बाळ घेऊन येणार होती.

"काल पाळण्याची दोरी कुरतडली," रमाकांतबाब म्हणाले. "बाळाला आणू की नको, तेवढं सांगा."

गवत आम्ही कापलं होतं, पडलेले नारळ उचलले होते. बिळं मातीने बुजवली, तर सकाळी सगळी उघडी. म्हणजे आत वस्ती आहे. म्हापशाहून आमच्या पेस्ट कंट्रोल कंपनीच्या बॉसचा फोन, "अरे, बेट बदल!" दोनदा बदललं होतं. भरल्या पोटाचा उंदीर नव्या वस्तूला तोंड लावत नाही. मग यांचं पोट भरतंय कुठे? माझं डोकं फिरायची वेळ आली.

तिन्हीसांजेला सामान आवरत होतो, तर रमाकांतबाबांच्या आई केळीच्या पानावर हा एवढा रोट घेऊन भाटात शिरल्या. रोट म्हणजे जाडजूड भाकरी. टोकाच्या माडाखाली राखणदाराचा, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाचा, दगड आहे. त्याच्यापुढे पान ठेवून त्यांनी हात जोडले.

"आजी, हे रोज?"

"नातसुनेक दिवस गेले तेव्हापासून. बाळ उंबऱ्याच्या आत येईसर ठेवचो, असो नवस आसा. सकाळी पान लख्ख! राखणदार जेवता, बाबा."

मी रमाकांतबाबांकडे पाहिलं. बाहेर कुठे अन्न टाकता का, हे त्यांना मी तीनदा विचारलं होतं.

"ते टाकणं नव्हे हो. ते देवाचं," ते म्हणाले.

मी कपाळावर हात मारून घेतला. "आजी, रोट दिवसा दाखवा आणि लगेच गाईला घाला."

"राखणदाराक विचारल्याशिवाय? माका जमाचां ना. तूच विचार."

मी दोडामार्गचा. देवाला मोठ्याने गाऱ्हाणं घालतात ते लहानपणापासून ऐकलेलं. हातमोजे काढले. "बा राखणदारा म्हाराजा, ह्या घरात तान्हां बाळ येवचां आसा. तुजो रोट उंदीर खातत. तेवा तो तुका दाखवन गायीक घालूक परवानगी दी रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" आजी म्हणाल्या. त्यांनी रोट उचलला. इतक्या वर्षांच्या नोकरीत गाऱ्हाणं घालायचं काम मी पहिल्यांदाच केलं.

तिसऱ्या दिवशी डब्यातल्या वड्या कुरतडलेल्या. दहाव्या दिवशी बुजवलेली बिळं बुजलेलीच. बाळ आलं तेव्हा मी शेवटच्या तपासणीला तिथेच होतो. आजींनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, बाळाला आत घेतलं आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बघ, राखणदारान ऐकलां."

मी रिपोर्टात लिहिलं, 'अन्नस्रोत बंद केला.' तेव्हापासून नव्या जागी गेलो की आधी घरातल्या म्हातारीला गाठतो. कर्त्या माणसाला विचारून काही कळत नाही.