तिसऱ्या मजल्यावरचं समुद्री जंगल

चेन्नईत नुंगंबाक्कमला तिसऱ्या मजल्यावर असलेल्या आमच्या ऑफिसात कामं कधी साठत नाहीत, ती मीटिंगमध्येच संपतात. साठतात ते किस्से. आमच्या संस्थेचं काम काय, तर चेन्नईच्या दक्षिणेला समुद्रतळावर उजाड झालेलं शेवाळाचं जंगल पुन्हा उभं करणं. ते गेलं, तशी त्यात अंडी घालणारी मासळीही गेली. काम पुण्याईचं आहे. करणारे आम्ही आहोत, एवढीच अडचण!

*

ऑफिसात आम्ही सात जण. पोहता एकालाही येत नाही! मी साताऱ्याचा. इंटरव्ह्यूत मला "एक्सेल येतं का?" एवढंच विचारलं होतं. पहिल्याच दिवशी मी डायरेक्टर राव सरांना भीत भीत विचारलं, "सर, पाण्यात उतरणार कोण?"

"फील्ड टीम!"

फील्ड टीम म्हणजे सेल्वी अक्का आणि तिच्या सात मैत्रिणी. रामनाथपुरमकडच्या. जन्मभर बुड्या मारून शेवाळ काढलं, विकलं. आता तेच लावायला आल्यात. त्या त्याला 'पासी' म्हणतात. राव सर मूळ तंजावरचे मराठी. अक्काशी तमिळ बोलतात, पाहुण्यांशी इंग्रजी आणि आम्हाला झापायला मराठी.

*

उद्घाटनाला पाहुण्यांनी स्वहस्ते शेवाळ लावायचं ठरलं. पाहुणे पाण्यात कसे उतरणार? म्हणून समुद्रच एका प्लास्टिकच्या टबात भरून स्टेजवर आणला. भर दुपारी, उन्हात! नारळ फुटला, शाल झाली, पाच भाषणं झाली. शेवाळ लावायची वेळ आली तेव्हा टबातून वाफा येत होत्या.

अक्कानं बोट बुडवून पाहिलं. म्हणाली, "सार, चिंच घाला. रसम झालं."

*

रिपोर्टचा फॉर्म आमच्या जुन्या वृक्षारोपणाचाच होता. त्यात रोज एक प्रश्न: 'रोपांना पाणी दिले का?' उत्तर दिल्याशिवाय फॉर्म बंदच होत नसे. मी रोज 'हो' लिहायचो. एकदा वरून मेल आला: 'नेमके किती?'

मी लिहिलं, 'भरपूर.'

शाबासकी आली!

*

हसण्यावारी न्यायचं नाही असंही एक झालं. शेवाळाचे तुकडे गुंतवलेले दोर ऐप्पसीचा, म्हणजे ऐन दिवाळीतला पाऊस लागायच्या आत खडकाला पक्के बांधा, असं अक्का महिनाभर सांगत होती. राव सर म्हणाले, "दिवाळीनंतर. आधी वर्कशॉप होऊ दे." वर्कशॉप झालं. दोर वाहून गेले. आठ जणींची वर्षभराची मेहनत गेली आणि मला स्वतःची लाज वाटली, कारण त्या वर्कशॉपचे बॅनर मीच छापून आणले होते.

त्यात निधी देणाऱ्या मॅडमचं पत्र आलं: येऊन बघणार. तळाशी जिवंत शेवाळ दिसलं तर प्रोजेक्ट चालू, नाहीतर बंद. आम्हाला दुसरीकडे हलवलं असतं. त्या आठ जणींना मात्र घरी जावं लागलं असतं.

*

सगळं वाहून गेलं, पण उद्घाटनाच्या वेळी राव सरांनी तळाशी सोडलेली कोनशिला जागची हलली नव्हती. पॉलिश केलेला ग्रॅनाइट, त्यावर सगळ्या डिग्र्यांसकट राव सरांचं नाव खोल कोरलेलं. तपासणीच्या सकाळी त्यांनी अक्काच्या हातात तारेचा ब्रश दिला. "नाव चकाचक दिसलं पाहिजे!"

अक्का कॅमेरा घेऊन खाली गेली. होडीतल्या स्क्रीनवर आम्ही बघतोय, तर नाव कुठेच नाही! अक्षरा-अक्षरातून दाट तपकिरी शेवाळ डोलतंय आणि आत बारकी मासळी शिरतेय. मॅडम उठून उभ्याच राहिल्या.

अक्का वर आली. राव सर दात-ओठ खात म्हणाले, "घासलं का नाहीस?"

"सार, गुळगुळीत दगडावर पासी टिकत नाही. तुमचं नाव कोरलंय ना, त्या खाचांत धरलीय. घासू?"

"खबरदार!" मॅडम ओरडल्या. "प्रोजेक्ट चालू राहील. असेच कोरलेले दगड आणखी टाका!"

राव सर लगेच फुलले. "टाकू की! प्रत्येकावर माझं नाव कोरून घेतो!"

अक्कानं ब्रश होडीत टाकला आणि काठ धरून म्हणाली, "तुमचं एकट्याचं नाव किती पुरणार, सार? आमचीही आठ नावं आहेत."