प्लास्टरमधला पाय

आधीच सांगून टाकते, भुताखेतांच्या गोष्टी ऐकल्या की माझं डोकं उठतं. इथे ग्रुपवर लोक लिहितात, पांढरी साडी दिसली, पैंजण वाजले... अहो, वाजले तर वाजले! माझा नवरा हायस्कूलात सायन्स शिकवायचा आणि मी स्वतः मॅट्रिक. आमच्या घरात असल्या गोष्टींना थारा नव्हता. तरीही हे लिहिते आहे, कारण इतकी वर्षं ह्या एका गोष्टीने मला नुसतं छळलं आहे. टायपिंगच्या चुका सांभाळून घ्या.

गोष्ट दिग्रसची, साठ-बासष्ट सालची. गावात एक निसर्ग मंडळ होतं. मंडळ म्हणजे कोण? अध्यक्ष डॉक्टरसाहेब, सेक्रेटरी आमचे हे, आणि सभासद पोस्टमास्तर. संपलं मंडळ! दर रविवारी पहाटे एस.टी. पकडून पुसदच्या रस्त्याला कुठेतरी उतरायचं आणि रानात फिरायचं. एक पाखरू दिसलं की त्याचं नाव काय यावर तिघं तासभर भांडणार, तोवर पाखरू उडून जाणार. आणि डबे कोणी करायचे? मी. वर नवीन वेड म्हणजे जनावरांच्या पावलांत प्लास्टर ओतून ठसे काढायचे. त्या प्लास्टरपायी माझा माहेरचा पितळी गडवा कायमचा वाया गेला. बोलले तर म्हणायचे, "विज्ञानासाठी थोडी झळ सोसावी लागते." झळ मात्र मीच सोसायची!

त्या वेळी घरात वेगळंच चाललं होतं. माझे सासरे, मामंजी, महागावच्या बाजाराला म्हणून गेले ते परत आलेच नव्हते. माझ्या लग्नाच्याही आधीची गोष्ट. ना निरोप, ना पत्ता. माणूस बारा वर्षं परतला नाही की पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, आणि बायको विधवा होते. मामंजींचे धाकटे भाऊ, आमचे काकाजी, हात धुऊन मागे लागले होते. "वहिनी, बारा वर्षं झाली. कायले जीव टांगून ठेवता? विधी करून मोकळे व्हा."

सासूबाई सुपातली तूर निवडत म्हणाल्या, "तुमी पाह्यलं काय त्यायले मेलेलं? नाई ना? मंग मी कुंकू काहून पुसू?"

पण बाईचं ऐकतो कोण. मंगळवार ठरला. हेही गप्प बसले. पाखराच्या नावावरून तासभर भांडणारा माणूस स्वतःच्या आईसाठी एक शब्द बोलला नाही, याचा मला असा संताप आला होता म्हणून सांगू! वर काकाजींनी फर्मावलं, "रविवारी रानात जाताच ना, मंग पळसाची पानं आना." हे म्हणाले, बरं.

पानं तोडायला म्हणून मीही गेले. थंडीचे दिवस, नाल्यात पाणी आटलेलं, वाळू ओली. तिथे ह्यांना बिबट्याचं पाऊल सापडलं. मी वाकून स्वतः पाहिलं... गोल, मांजरासारखं, फक्त मोठं. डॉक्टरांनी फूटपट्टी लावली, पोस्टमास्तर आनंदाने नाचायचे बाकी होते. तुपाचा डबा कापून केलेलं पत्र्याचं कडं पावलाभोवती रोवलं आणि ह्यांनी प्लास्टर ओतलं. मी पलीकडे पानं खुडत होते, तर डॉक्टर म्हणतात, "वहिनी, आवाज नका करू, पाखरं उडतात." डोक्यात तिडीक गेली. इथे एका बाईचं कुंकू पुसायची तयारी चाललीये आणि ह्यांना पाखरांची काळजी!

प्लास्टर घट्ट झाल्यावर ह्यांनी पाठीवर खिळ्याने तारीख कोरली. ठसा फुटू नये म्हणून माझ्याच पळसाच्या पानांत गुंडाळला आणि पिशवीत टाकला. बापाच्या पुतळ्याची पानं आणि बिबट्याचा पाय, एकाच पिशवीत! मी सबंध एस.टी.भर ह्यांच्याशी बोलले नाही.

घरी पोचलो ते भर दुपारी. हे पायरीवर चहा घेत बसले आणि मला म्हणाले, वाळू धुऊन टाक. मी मोरीजवळ बसून पाणी ओतलं. वाळू गळाली... आणि माझा हात थांबला.

तो माणसाचा पाय होता. चवडा आणि बोटं. अंगठा एका बाजूला, त्याच्यापुढे उतरती तीन बोटं, आणि करंगळीच्या जागी काहीच नाही.

"अहो, इकडे या," मी म्हटलं. ह्यांनी पाहिलं, उलटून तारीख पाहिली. अक्षर त्यांचंच. पत्र्याचं कडंही अजून तसंच चिकटलेलं.

तेवढ्यात सासूबाई आल्या. खाली बसल्या, बोटांवरून हात फिरवला. "हा पाय कुठी भेटला तुमाले?"

"आई, बिबट्याचा आहे तो."

"मले शिकवतं काय रे? तुह्या बापाच्या पायावरून बंडीचं चाक गेलं, करंगळी तुटली, तवा ह्याच पायात हळद भरली म्या." मग पिशवीतली सगळी पानं काढून त्यांनी बकरीपुढे टाकली. "मंगळवारी काई जळनार नाई. सांग तुह्या काकाले."

मंगळवारी खरंच काही झालं नाही. काकाजी ओरडले आणि थकून गप्प बसले.

पण ह्यांचं तोंड कोण बंद करणार? डॉक्टर आणि हे मिळून म्हणायचे, ओली वाळू सरकली, बिबट्यालाही चारच बोटं असतात! अहो, पण अंगठा? मी विचारलं की म्हणायचे, वाळू सरकली. जन्मभर हेच एक वाक्य. ऐकून ऐकून माझे कान किटले. सासूबाई मात्र ठसा देव्हाऱ्यात ठेवून रोज त्याला हळदकुंकू वाहायच्या, आणि ते डाग घासायचे कोणी? मीच!

मामंजी कधीच आले नाहीत. पुढे बऱ्याच वर्षांनी सासूबाई गेल्या. बायका जमल्या आणि कुजबुज सुरू झाली, नेसवायचं काय, पांढरं की हिरवं? कोणी म्हणालं, एवढी वर्षं कोण जिवंत राहतो, पांढरंच आणा. मी भांडायला तोंड उघडणार, तेवढ्यात हे उठले. कपाटातून माझंच हिरवं लुगडं काढून बायकांच्या पुढ्यात ठेवलं आणि म्हणाले, "माझी आई सवाष्ण गेली. हेच नेसवा."

त्या दिवशी मी वाळूचं काही विचारलं नाही.

आता हेही नाहीत. ठसा माझ्याकडेच आहे, कुंकवाने लाल झालेला. पाहायला येणारे शहाणे अजून मला वाळूचं कारण समजावतात आणि माझा पारा चढतो. मला स्वतःला काही सांगता येत नाही. सकाळी मी बिबट्याचं पाऊल पाहिलं आणि दुपारी माणसाचा पाय धुतला, एवढंच मला ठाऊक आहे.