पांढऱ्या दोऱ्याची गाठ

अहमदपूरच्या बस स्टँडमागच्या लाईनीत माझं बॅटरीचं दुकान आहे आणि शेजारी बसलिंगप्पांचं गाड्यांच्या वायरिंगचं. त्यांना सगळे अप्पा म्हणतात. हॉर्न वाजेना, लाईट लागेना, की माणूस अप्पांकडे येतो. चौतीस वर्षं झाली. कपाळावर भस्म, गळ्यात लिंग, आणि दुकानात कायम राळेचा वास.

अप्पा मूळ काम शिकले नांदेडला, एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात. उस्तादांनी सांगितलं तसं दोन तारा पिळायच्या, राळ लावायची, वरून कथिलाचं सोल्डर वितळू द्यायचं, जोड चांदीसारखा चमकला पाहिजे. पुढे रेडिओ गेले आणि अप्पा गाड्यांकडे वळले, पण जोड तोच राहिला. त्यावर काळी टेप, आणि इंजिनच्या उष्णतेने टेप सुटू नये म्हणून शेवटी पांढऱ्या दोऱ्याचे तीन वेढे आणि गाठ. असा दोरा आमच्या लाईनीत दुसरं कोणी बांधत नाही. मला त्या दोऱ्याचं फार कौतुक होतं. आता तो दिसला की मान खाली जाते.

दोन वर्षांपूर्वी समोरच्या गाळ्यात वर्षाराणी आली. लातूरला आयटीआय केलेली, पुण्याकडे गाड्यांच्या वायरिंगच्या कारखान्यात चार वर्षं काढलेली, लग्नानंतर इकडे आलेली. ती सोल्डरला हातच लावायची नाही. वायरीच्या टोकावर तांब्याची छोटी नळी चढवायची आणि एका जड पकडीने कचकन दाबायची. त्याला ती क्रिम्पिंग म्हणायची. पोरं बघायला जमायची. एकदा तिने एका गिऱ्हाइकासमोर, मी बॅटरीच्या वायरीच्या टोकाला हातोडीने ठोकून बसवलेली धातूची कडी, म्हणजे लग, नुसत्या दोन बोटांनी ओढून काढला आणि हसली. हसण्यात खोट नव्हती, पण मला ते लागलं होतं. खोटं कशाला बोलू, आम्ही दोघंही तिच्यावर जळत होतो.

मागच्या श्रावणात आदिनाथची जीप अप्पांकडे आली. त्याच्या तीन जीपा आहेत, माहूरला देवीच्या दर्शनाला माणसं नेतो. त्या जीपचं सगळं वायरिंग वर्षाराणीने केलेलं, आणि तक्रार फक्त हॉर्नची. अप्पांनी बॉनेट उघडलं, हॉर्न पाच मिनिटांत वाजता केला. मग त्यांची नजर रेडिएटरच्या फॅनच्या वायरीवर गेली.

"हे बघ भागवत," ते मला म्हणाले. "नुसतं दाबून ठेवलंय. राळ न्हाई, सोल्डर न्हाई. दोन महिन्यात सुटंल बघ."

"कंपनीत असंच करत्यात म्हणं," मी म्हणालो.

"कंपनीला काय, गाडी इकली की झालं. टॉर्च धर जरा."

आदिनाथ कोपऱ्यावर चहा पीत होता. फॅनच्या वायरीला हात लावायचं काहीएक कारण नव्हतं. मी मोबाईलचा टॉर्च लावून वाकलो. अप्पांनी तिचा जोड कापला, आपला केला, टेप गुंडाळली, दोरा बांधला. कापलेली नळी त्यांनी गटारात टाकली तेव्हा मी हसलो. आदिनाथला आम्ही दोघांनीही काही सांगितलं नाही.

नवरात्रात तिसऱ्या माळेला ती जीप माहूरच्या घाटात तापून बंद पडली. फॅन फिरतच नव्हता. इंजिनचं हेड गेलं. अकरा बायका भर उन्हात तीन तास रस्त्याच्या कडेला बसल्या, त्यातल्या एका म्हातारीला चक्कर येऊन सलाईन लावावी लागली. दुसऱ्या दिवशी आदिनाथने तुटलेली वायर आणून वर्षाराणीच्या टेबलावर आपटली.

"बाईमाणसाच्या हातात गाडी दिली ही माझीच चूक," तो सगळ्या लाईनीला ऐकू जाईल असं बोलला. बरंच काही बोलला. तिने वायर हातात घेतली, उलटीसुलटी करून पाहिली. सोल्डरचा जोड अखंड होता, त्याच्या अगदी कडेला वायर तुटली होती. पांढरा दोरा मला रस्त्याच्या अलीकडून दिसत होता; तो कोणाचा, हे आदिनाथला काय माहीत. तिने एकदाच मान वर करून अप्पांच्या दुकानाकडे पाहिलं. अप्पा खाली बघून स्क्रू शोधत बसले. मी शटरची धूळ पुसायला लागलो.

आदिनाथने तिन्ही गाड्या तिच्याकडून काढून घेतल्या. बाकीच्यांनीही तिकडे जायचं सोडलं. चारच दिवसांत तिचा गाळा सुना झाला.

खंडेनवमीला आमच्या लाईनीतली सगळ्यांची हत्यारं अप्पांच्या दुकानात पुजली जातात, कारण वयाने तेच थोर. पाने, हातोड्या, जॅक, माझं हायड्रोमीटर, सगळं सतरंजीवर मांडलं होतं. अप्पा एकेका हत्याराला भस्म आणि कुंकू लावत होते. पाच-पंचवीस माणसं होती, प्रसादाला आदिनाथही आला होता. शेवटी वर्षाराणी आली आणि तिने ती जड पकड ओळीत ठेवली.

"एवढी पकड पुजा, अप्पा," ती म्हणाली. "दसरा झाला की दुकान आवरून टाकते. पुन्हा कंपनीतच जावं म्हणते."

अप्पांनी पकड उचलली. कुंकवाचं बोट तसंच राहिलं. मला वाटलं, म्हातारा रडतो आता. पण ते उठून उभे राहिले.

"आदिनाथ, इकडं ये. तुझ्या फॅनची वायर मी कापली होती, श्रावणात. हिचा जोड चांगला होता. तुटला तो माझा."

आदिनाथ हळू आवाजात म्हणाला, "मी हिला चार माणसांत बोललो, तवा तुम्ही समोरच बसला होता की."

"हाव. बसलो होतो," अप्पा म्हणाले. "लाज वाटती रे. सोल्डर वायरीत मुरतं, तेवढी वायर काडीवानी ताठ होती. मग हादऱ्यानं कडेची एकेक तार तुटती. रेडिओ टेबलावर बसून राहतो, त्याला चालतं. गाडी कुठं बसून राहती? हे मला उमगलं न्हाई असं न्हाई. मला उमगून घ्यायचं नव्हतं."

"दोरा बघून मला तवाच कळलं होतं," वर्षाराणी म्हणाली.

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमच्या चौतीस वर्षांपुढं माझं कोण ऐकलं असतं?"

आदिनाथ माझ्याकडे वळला. "भागवतमामा, तुम्ही तर कायम हितंच असता. तुम्हाला कसं दिसलं न्हाई?"

मी तोंड उघडलं होतं. बोलणार होतो, असं मी अजून स्वतःला सांगतो. पण अप्पा आधी बोलले. "तो न्हवता. मी एकटाच होतो." माझ्या हातात खोबऱ्याचा तुकडा होता. तो मी तोंडात टाकला आणि चावत राहिलो.

वर्षाराणी गेली नाही. आदिनाथने हात जोडून गाड्या परत तिच्याकडे दिल्या. अप्पा आता इंजिनजवळचा जोड स्वतः करत नाहीत, समोर पाठवतात. दुपारी काम नसलं की तिच्या स्टुलावर बसून पकड दाबायला शिकतात, आणि ती त्यांचा दाबलेला जोड ओढून बघते, सुटला तर पुन्हा करायला लावते. चौसष्टाव्या वर्षी माणूस पोरीच्या वयाच्या बाईकडून शिकतो आणि लाजत नाही. त्यांच्या वाट्याची लाज त्यांनी त्या दिवशीच संपवली.

मीही हातोडी सोडली आहे, बॅटरीचे लग तिच्याकडूनच दाबून घेतो. परवा ते माझ्या हातात देताना ती म्हणाली, "मामा, त्या दिवशी तुम्ही तितं असता ना, तर अप्पांना तसं करू दिलं नसतं."

मी हाव म्हणालो आणि लग पिशवीत टाकले.