दुधाचा काटा आणि पुण्यातली लेक

मंडळी, आज सकाळी रिठदला एका दूध संकलन केंद्रावर कामाला गेलो होतो. तिथल्या वजनकाट्याच्या मागे जुना सिरीयल पोर्ट, म्हणजे वायर जोडायची जागा आहे. त्याला छोटा वाय-फाय कन्व्हर्टर जोडला की वजनाचा आकडा थेट मोबाइलवर दिसतो, मग तो माणूस कुठंही असो. केंद्र चालवणारे काका एकटेच राहतात. कन्व्हर्टर त्यांच्या पुण्यातल्या लेकीनं पाठवला होता.

जोडणी झाल्यावर तिला स्पीकरवर फोन लावला. "बाबा, काहीतरी ठेवून पाहा," ती म्हणाली. दुधाचे कॅन धुवायला गेले होते, म्हणून काका स्वतःच काट्यावर उभे राहिले.

"बावन्न दाखवून राह्यलं. काय ठेवलं?"

"मीच उभा हाय."

ती म्हणाली, "दिवाळीले तं साठ होते तुमी."

"काटा जुना झाला बाई."

"दादा, काटा चुकून राह्यला का?" तिनं मला विचारलं.

काका मला मानेनं नको नको म्हणत होते. पण काटा मीच आत्ता तपासला होता.

"नाही ताई, बरोबर हाय."

"मी रविवारी येतो," म्हणून तिनं फोन ठेवला.

"कायले सांगतलं रे तिले?" काका रागावले. आणि लगेच हळूच विचारलं, "पुण्याची गाडी वाशिमले किती वाजता येते?"

माझी आई कामरगावात एकटी असते. रोज फोनवर "बरी हाय मी" म्हणते, आणि मी ते खरं धरतो. आता तिकडेच निघालोय.

तुम्ही तुमच्या माणसांना शेवटचं समोर बसून कधी पाहिलंत?